चौगुले सर आणि नावाड्याचं इंग्रजी

आमच्या कॉलेजात कुणाच्या घरी लग्न निघालं, की इंग्रजीच्या चौगुले सरांना पत्रिका दोन द्यायच्या असा रिवाजच पडला होता. एक त्यांच्याजवळ राहायची. दुसरी लाल पेन्सिलीच्या खुणा होऊन परत यायची. माझ्या धाकट्या भावाच्या पत्रिकेत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रार्थनीय की प्रार्थित? विचार व्हावा.' विचार करायला वेळ नव्हता. सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाला मात्र सर बंद गळ्याचा कोट घालून मुहूर्ताच्या आधी हजर. पोटभर जेवले, जिलेबी दोनदा मागून घेतली आणि निघताना मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, जेवण निर्दोष होतं." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी पुढंही कधी ऐकलं नाही.

आकाराम दौलत चौगुले हे त्यांचं पूर्ण नाव. बिद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. शिकायला म्हणून कोल्हापुरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात "व्हय सर" म्हणाले आणि पुढच्या बाकावरची पोरं खो खो हसली. त्या हसण्याचा त्यांनी जो धसका घेतला तो कायमचा. मग भाषा अशी घासूनपुसून लख्ख केली, की मंडईत मेथी घेतानाही ते विचारायचे, "ही जुडी आजची आहे की कालची, हे कृपया सांगता का?" एकदा एका भाजीवालीनं त्यांच्याकडं नीट बघून विचारलं, "पावणं, पुण्यास्नं आलाय जणू?" सरांनी ते घरी येऊन मला सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं की आनंदानं, ते मला ओळखता आलं नाही.

व्याकरण शिकवण्यात त्यांचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता, हे मात्र खरं. क्रियापदांचे काळ ते असे शिकवायचे की उसाच्या फडातून थेट वर्गात आलेल्या पोरालाही कळावं. पोरं त्यांना 'फुलस्टॉप' म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "कॉमा म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं. त्यात निश्चय नाही."

मी तेव्हा त्याच कॉलेजात मराठी शिकवत होते. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये नुसती फळ्यांची आडभिंत होती. राहायलाही आम्ही राजारामपुरीत एकाच माडीवर, गॅलरी सामाईक. त्यामुळं दिवसा सरांचा आवाज फळीतून यायचा आणि संध्याकाळी गॅलरीतून. दिवसभरातला काही वेळ मी त्यांच्या आवाजाशिवाय काढला असेल, तर तो बसमध्ये.

गॅलरीतला दुसरा आवाज शालूबाईंचा, म्हणजे वहिनींचा. त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, अगदी सीमेलगतच्या गावच्या. आईला अव्वा म्हणणाऱ्या, आवाज रानातून बांधापर्यंत पोचेल असा. लग्नानंतर सरांनी वर्षभर त्यांची भाषा सुधारायचा प्रयत्न केला होता. वहिनींनी तो ऐकून घेतला आणि एक दिवस ताट पुढं सरकवत म्हणाल्या, "आदी भाकरी खावा, मग माझी चूक काढा. गार झाली की भाकरीच चुकती." त्या दिवसापासून घरात दोन भाषा सुखानं नांदत होत्या. सर म्हणायचे, "पाणी आलं आहे का?" आणि वहिनी म्हणायच्या, "आलतं, गेलं." एवढ्यावर संसार चालला होता, मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली होती.

अठ्ठ्याहत्तर साली जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजीचा पेपर बदलला. अर्धे मार्क व्याकरणाला, ते सरांच्या हक्काचे. उरलेल्या अर्ध्यांना आजवर कुठलं तरी विलायती निबंधांचं पुस्तक असायचं, ते आमचे विभागप्रमुख सबनीस सर शिकवायचे. त्या वर्षी निबंध गेले आणि त्या जागी आली पश्चिम आफ्रिकेतली एक कादंबरी. सबनीसांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, कव्हरावरच्या होडीच्या चित्राकडं संशयानं पाहिलं, आणि चौगुले सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमचा व्याकरणाचा तास आहेच. त्यातच हीसुद्धा उरकून टाका."

सरांनी आयुष्यात कादंबरी शिकवली नव्हती. तरी नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. ते पुस्तक घरी आणून त्यांनी हातपाय धुतले, खुर्चीत ताठ बसले आणि लाल पेन्सिल घेऊन वाचायला लागले.

कादंबरीतलं गाव एका मोठ्या नदीच्या काठावर होतं. बाजार पलीकडच्या काठाला. गावातली माणसं ओकोन नावाच्या एका म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीतून ये-जा करायची. हा ओकोन तिथल्या बोलीतलं इंग्रजी बोलायचा, आणि पहिल्याच पानावर काठाला होडी लावून तो लोकांना हाक मारायचा, "आय डोन कम!"

सरांची पेन्सिल तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी फळीपलीकडून मला ऐकू आलं, "आय डोन कम. हे वाक्य शुद्ध करा."

वर्गानं ते शुद्ध केलं. मग ओकोननं पुढचं वाक्य बोलायचा अवकाश, वर्ग तेही शुद्ध करायचा. जुलै उजाडला, पूर आला तो पंचगंगेला आणि कादंबरीतल्या नदीलाही, पण सरांच्या वर्गात ओकोनची होडी काही काठावरून हलेना. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं रे उघडलं, की साठ-सत्तर पोरं वह्या सरसावून त्याच्यावर तुटून पडायची. मला त्या फळीआड बसून त्या न पाहिलेल्या माणसाची दया यायला लागली. बिचारा एवढ्या लांबून आला, आणि कोल्हापुरात त्याला रोज छडी.

शेवटी पिराजीनं विचारलं. पिराजी हा गडहिंग्लज भागातलाच, रोज पहाटेच्या एसटीनं येणारा, मागच्या बाकावर बसणारा आणि इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारा मुलगा. तो उभा राहून म्हणाला, "सर, होडी पलीकडं कवा जाणार?"

"कधी जाणार," सर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी, सर. कधी?"

वर्ग हसला. सरांनी त्याला खाली बसवलं, पण प्रश्न त्यांना लागला असावा. कारण त्या संध्याकाळी ते गॅलरीत पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि पेन्सिल खिशातच होती.

वहिनी समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "महिना झाला बघतोय, ह्या एकाच पुस्तकाला धरून बसलायसा. गोष्ट काय हाय त्यात?"

"त्यात अनेक चुका आहेत."

"ते झालं. गोष्ट काय हाय?"

सरांनी पुस्तक मिटलं. मग घसा साफ करून म्हणाले, "एक नावाडी असतो. असतो म्हणजे, इथं रीतिवर्तमानकाळ समजायचा."

"बरं. त्येला बायको हाय का?"

सरांना आठवेना. त्यांनी मागची पानं चाळली. नावाड्याला बायको होती, ती मेली होती, आणि ते चक्क दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. त्या पानावर सरांच्या लाल खुणा होत्या आठ-दहा, पण बायको मेल्याचं त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"मग ह्याला भाकरी कोण करून घालतंय?" वहिनींनी विचारलं.

तेही शोधावं लागलं. बाजारात तेल विकणारी आरित नावाची एक विधवा होती. ती रोज होडीतून जाताना त्याच्यासाठी केळीच्या पानात बांधून काहीतरी न्यायची आणि भाड्यातून तेवढं कापून घ्यायची. वहिनींचे हात सुपातच थांबले. "म्हंजे फुकाट न्हाई. हुशार हाय बाई. आनि गावातली माणसं काय बोलत न्हाईत व्हय तिला?"

"ते पुढच्या प्रकरणात असावं."

"मग वाचा की!"

असं ते सुरू झालं. रोज संध्याकाळी सर दिवाणावर बसून आधी दहा-पंधरा पानं वाचायचे आणि मग गॅलरीत येऊन वहिनींना सांगायचे. सुरुवातीला ते फार वाईट सांगायचे. माणसं कुठून येतात, कुठं जातात, पत्ता लागायचा नाही. वहिनी मध्येच अडवायच्या. "थांबा. ही कोण? आदी हिचं नाव घेटलं नव्हतं." मग सर मागं जायचे, तिला नीट आणून बसवायचे, आणि पुढं निघायचे. पंधरवड्यात त्यांना कळलं की वहिनींनी प्रश्न विचारण्याआधीच उत्तर तयार ठेवलं तर गोष्ट चांगली चालते. मीही माझ्या दारात वह्या तपासायला बसायला लागले. वह्या कमी तपासल्या जायच्या.

पण एक अडचण होती. ओकोनला मराठीत बोलायला लावायचं कसं? सरांकडं मराठी होती ती एकच. त्यामुळं त्यांचा ओकोन काठावर होडी लावून ओरडायचा, "मी आलेलो आहे! आपण सर्वांनी कृपया आसनस्थ व्हावे!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. "नावाडी हाय का कीर्तनकार हाय ओ त्यो?"

"मग त्यानं काय म्हणावं?" सर जरा चिडलेच.

"काय म्हणावं म्हंजे? आलोय न्हवं! बसा की गप!"

सर पुस्तक उघडून त्या वाक्याकडं बघत राहिले. आय डोन कम. आलोय. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. मधेच उठून आत गेले आणि कागद घेऊन आले. वहिनी जेवायला हाका मारत होत्या, त्यांना "हो, हो" म्हणत राहिले. मला वाटलं, रागावले.

ते रागावले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत माझी वाट बघत उभे होते. डोळे लाल, पण चेहरा असा, की जणू रंकाळ्यात कुणाला हत्ती सापडलाय. "बाई," ते म्हणाले, "मी पूर्ण पुस्तक तपासलं. हा माणूस एकदाही चुकलेला नाही."

"कोण माणूस?"

"ओकोन. काम होऊन गेलं असेल तर तो 'डोन' म्हणतो. चालू असेल तर 'डे' म्हणतो. व्हायचं असेल तर 'गो'. आय डोन कम, आय डे कम, आय गो कम. क्रियापदाला हातही लावत नाही! आम्ही पोरांकडून केम, कमिंग, कम्स असलं सगळं पाठ करून घेतो, आणि हा तीन बारक्या शब्दांत काळ चालवतो. आणि कुठं अपवाद म्हणून नाही." त्यांनी श्वास घेतला. "एकदा झाली तर ती चूक म्हणायची, बाई. पण प्रत्येक वेळी तशीच झाली तर त्याला नियम म्हणतात."

बावीस वर्षं ते बिनचूक बोलणारा माणूस शोधत होते. प्राचार्य त्यात बसले नव्हते, सबनीस तर नव्हतेच. आणि जो सापडला त्याला त्यांनी महिनाभर शून्य मार्क दिले होते.

त्या दिवशी मी माझ्या वर्गाला काहीतरी लिहायला दिलं आणि कान फळीला लावले. सर वर्गात आले आणि नेहमीच्या ताठ आवाजात म्हणाले, "गेल्या महिन्यात आपण ओकोनची जी वाक्यं दुरुस्त केली, ती सर्व आज पुन्हा बिघडवायची आहेत. वह्या काढा."

वह्या निघाल्या. मग त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि डोन, डे, गो मांडून दाखवलं. मुलं पुस्तकातून एकेक वाक्य शोधून काढायला लागली. कुणी चुकीच्या रकान्यात घातलं तर दुसरा ओरडायचा, "अरे, होडी अजून पोचली न्हाई, डे पायजे!" होडी पोचली की नाही हे बघण्यासाठी का होईना, वर्गानं पहिल्यांदा पुस्तक वाचलं.

आणि मग सरांनी जे केलं ते ऐकून मी खडू खाली ठेवला. ते म्हणाले, "आता आपल्याकडं बघू. 'गेलतो' म्हणजे काय?"

पोरं वह्यांत मान घालून बसली. सापळा असेल असं वाटलं असणार.

"गेलो होतो. त्यातला 'हो' कुठं गेला?"

"पडला, सर," मागून पिराजीचा आवाज आला.

"कुणाच्याही तोंडातून पडतो की फक्त तुझ्या?"

"समद्यांच्याच, सर. गेलतो, गेलती, गेलतं. आमी गेलतो, त्या गेलत्या."

"ये इकडं. लिही."

पिराजी फळ्यापाशी गेला. इंग्रजीच्या तासाला तो पहिल्यांदा फळ्यापाशी गेला होता. त्यानं डावीकडं ओकोनची वाक्यं लिहिली आणि उजवीकडं आपली. डोन समोर आलोय, डे समोर यालोय, गो समोर येतो की. शेवटच्या 'की'चं व्याकरण काय, यावर वर्गात इतका गोंधळ झाला की घंटा कुणाला ऐकू आली नाही.

त्यानंतर होडी सुटली ती सुसाट. सप्टेंबरात गोष्टीत गोरा साहेब आला, नदीवर पूल बांधायचं ठरलं आणि एका सकाळी काठावरच्या झाडाला नोटीस डकवलेली दिसली. पुलाचं काम सुरू होत असल्यानं होडी बंद करण्याचं ठरवण्यात आलं आहे. सर त्या दिवशी पॅसिव्ह व्हॉइस शिकवणार होते. त्यांनी ती नोटीसच फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "ठरवण्यात आलं आहे. कुणी ठरवलं?"

पोरांनी वाक्य खालून वर, वरून खाली बघितलं. कर्ता नव्हता.

"ओकोनलाही तेच कळेना," सर म्हणाले. "पुढची शंभर पानं तो कर्ता शोधत हिंडतो. कारकुनाकडं जातो, गावच्या मुख्याकडं जातो, साहेबाच्या बंगल्यावर जातो. प्रत्येक जण म्हणतो, मी नाही." आणि मग त्यांनी ती शंभर पानं सांगितली. मी उठून त्यांच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मी अनेकांची व्याख्यानं ऐकली आहेत, पण कर्मणी प्रयोग ऐकताना पोरींच्या डोळ्यांत पाणी आलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती आली. प्राचार्य, सबनीस आणि बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक, धोतर आणि कोट घातलेले, असे सगळे सरांच्या वर्गात शिरले. मी माझ्या दाराशी येऊन उभी राहिले. फळ्यावर त्या दिवशी पिराजीनं उजळणीला पुन्हा लिहिलेलं होतं, डावीकडं 'आय डोन कम', उजवीकडं 'आलोय'.

पाहुण्यांनी चष्मा सारखा केला. "हा तास मराठीचा काय?"

"इंग्रजीचा," सबनीस म्हणाले. आवाज आत गेला होता.

"मग हे इंग्रजी कुणाचं?"

"ओकोनचं, सर," पिराजी उठून म्हणाला.

"कोण ओकोन? तो आज आलाय का?"

"नदीवर असतोय, सर."

पाहुण्यांनी सरांकडं पाहिलं, सरांनी पुस्तक वर करून दाखवलं. मग पाहुणे वर्गाला म्हणाले, "बरं, आय डोन कम. हे शुद्ध करा पाहू."

"बरोबर हाय, सर!" अख्खा वर्ग एका सुरात.

सबनीसांनी भिंतीला हात टेकला. पिराजी मात्र अजून उभाच होता. तो म्हणाला, "पेपरात लिवायचं तर 'आय हॅव कम', सर. प्रेझेंट परफेक्ट. पण ओकोन तसं म्हणायचा न्हाई. त्यो तसं म्हणला, तर गावातलं एक माणूस त्याच्या होडीत बसायचं न्हाई."

पाहुणे "असं?" म्हणाले आणि काहीतरी लिहून घेत बाहेर पडले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

दिवाळीनंतर समितीचा अहवाल आला. त्यात एक ओळ होती. 'इंग्रजी विभागात अध्यापनासाठी स्थानिक बोलीचा वापर होत असल्याचे आढळून आले असून, ते अनुचित समजण्यात आले आहे.' सबनीसांनी ती सरांपुढं धरली. दुसरा कुणी असता तर खाली मान घातली असती. सरांनी ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "कुणाला आढळून आलं?"

"समितीला."

"समितीत तुम्हीही होता. तुम्हाला आढळलं का?"

"मला नाही, पण..."

"आणि अनुचित कुणी समजलं?"

"चौगुले, विषय वाढवू नका," सबनीस म्हणाले.

सरांनी विषय वाढवला. ते प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य म्हणाले, आपण फक्त सही केली. अहवाल टाइप करणारे ऑफिसातले गणपतराव म्हणाले, कच्चा कागद आला तसा मी टाइप केला, माझं नाव यात घेऊ नका. बाहेरगावच्या पाहुण्यांना कॉलेजातून फोन लावला, तर ते म्हणाले, मला तर तास आवडला होता. सर चार दिवस असे दारोदार हिंडत होते. वहिनी मला म्हणाल्या, "पुस्तकातला म्हातारा आमच्याच घरात आलाय बघा."

पुढं विषय बंद करण्यात आल्याचं सरांना कळवण्यात आलं. कुणी बंद केला, हे विचारायला ते कोट घालून निघाले होते. वहिनींनी कोट काढून खुंटीला लावला.

कादंबरी संपत आली तशी गॅलरीतली गोष्ट मात्र अडली. सर रोज वाचायचे, पण वहिनींनी विचारलं की म्हणायचे, "अजून वाचायचं आहे." असे बरेच दिवस गेले. मला माहीत होतं, त्यांनी शेवट केव्हाच वाचला होता. पूल झाला होता. पहिल्या दिवशी गाव वाजतगाजत पुलावरून बाजाराला गेलं होतं. आरित गेली नव्हती. ती आपली तेलाची भांडी घेऊन काठावर आली, तर होडी होती, आणि होडीत ओकोन पडून होता.

एका संध्याकाळी वहिनी शेंगा सोलत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मेला न्हवं त्यो?"

सरांनी सुपातली एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, "व्हय."

वहिनींनी शेंगांचं सूप बाजूला केलं. दोघंही तसेच बसून राहिले. मी माझं दार हळूच लावून घेतलं.

परीक्षेत ओकोनचं स्वभावचित्र विचारलं होतं. आमच्या मुलांनी पानंच्या पानं लिहिली, पण निकाल बेताचाच लागला, कारण काही जणांनी अख्खं उत्तर ओकोनच्याच इंग्रजीत लिहिलं होतं. एकानं तर शेवटी 'ओकोन डोन डाय' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याला त्या प्रश्नात शून्य मिळालं. सर पेपर तपासणाऱ्या मंडळींना जाऊन भेटले आणि म्हणाले, "अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता. काळ बरोबर आहे." अर्धा मार्क मिळाला नाही. पिराजी मात्र पास झाला, तोही पहिल्या फटक्यात, आणि पेढे घेऊन आला तेव्हा वहिनींनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो वहिनींच्या मावशीच्या गावचा निघाला. मग काय, त्या दिवशी गॅलरीत सरांना बोलायला जागाच मिळाली नाही.

पुढच्या वर्षी कादंबरी अभ्यासक्रमातून गेली आणि विलायती निबंध परत आले. सबनीसांनी ते आनंदानं मागून घेतले. सरांनी व्याकरण शिकवणं चालू ठेवलं, पण त्यांची उदाहरणं बदलली. आधी त्यांच्या वाक्यांमधून कुणी राम आंबा खायचा. आता नदी वाढायची, बाई भाड्यातून पैसे कापून घ्यायची, साहेब नोटीस लावायचा. नवीन मुलांना ही माणसं कोण ते कळायचं नाही. ती तासानंतर विचारायला यायची आणि सर त्यांना सांगत बसायचे. पुढच्या तासाला येणारं कुणीतरी दाराशी ताटकळायचं, ते बहुधा मीच.

पंच्याऐंशी साली ते निवृत्त झाले. आता त्यांच्या घरी लायब्ररीतून नेमानं कादंबऱ्या येतात. निवड वहिनींची असते. आफ्रिकेतली सापडली तेवढी संपली. मग सरांनी एक रशियन आणली होती, ती वहिनींनी चौथ्या दिवशी परत पाठवली. "एका माणसाला इतकी नावं कशाला?" विलायती एक आणली, तिच्यात सगळे नुसते चहा पितात आणि शेवटी लग्न करतात म्हणून तीही गेली. सध्या एका जपानी बाईंची चालू आहे. त्यातली सून घर सोडून जाणार की नाही, यावरून आठवडाभर दोघांचं जमलेलं नाही. सर म्हणतात, जाणार नाही, कारण लेखिकेनं तिच्या बाबतीत अजून भविष्यकाळ वापरलेला नाही. वहिनी म्हणतात, पेटी उचलून ठेवलीय, जातीया बघा. मला दोन्हीकडून बोलावणं आलंय. चहा झाला की जाते.